टॅलीवाले सर

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची आवक वाढली की टॅलीवाल्या सरांचा फोन लागत नाही. लागलाच तर उत्तर ठरलेलं, "हे काय, निघायलोच!" कुठून, ते विचारायचं नाही. "गोलाईत आहे" म्हणाले, तर गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात; त्यांतल्या कुठल्यावर हा माणूस उभा आहे, ते मधल्या जगदंबेलाच ठाऊक. नांदेडहून येणार असले की मात्र गावं क्रमानं सांगतात. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद. चाकूर सांगितलं की फोन बंद.

सर कुणाचे नोकर नाहीत. आडती, डाळमिली, नांदेडच्या नव्या मोंढ्यातली काही दुकानं असं सगळं ते वर्षाच्या कंत्राटावर सांभाळतात. नवं व्हर्जन टाकणं, बिलाचा साचा बसवणं, हमाली-तोलाई बरोबर खात्यात वळवणं हे कंत्राटात येतं. शेठच्या मुलीचा 'नीट'चा फॉर्म भरणं आणि प्रिंटरमधली पाल काढणं येत नाही. पण तेही तेच करतात.

दुकानात शिरले की चपला काढायच्या आधी, "बॅकअप घेतला का?" मुनीमजी खाली बघतात. मग गळ्यातल्या देवाच्या दोऱ्याला बांधलेला पेनड्राइव्ह बाहेर येतो. दुसरा प्रश्न, "काल लाइट गेल्ती का?" नाही म्हटलं तर, "मग परवा?" आपल्याकडं या प्रश्नाला कधी ना कधी हो यावंच लागतं, त्यामुळं सरांचं निदान सहसा चुकत नाही. माउसला ते शिवत नाहीत. एफ पाच पेमेंट, एफ सहा रिसीट, एफ सात जर्नल. पेटी वाजवावी तशी बोटं फिरतात, नजर चहाच्या कपावर.

त्यांच्या कालगणनेत दोनच युगं आहेत, जीएसटीच्या आधी आणि नंतर. १ जुलै २०१७ नंतर ते बरेच दिवस घरी फक्त अंघोळीला जात. खुली तूरडाळ करमुक्त, नोंदणीकृत ब्रँडच्या पिशवीतली पाच टक्के. ते डोक्यात बसतंय तोवर जुलै २०२२ला ब्रँड गेला आणि वजन आलं: पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटाला कर. मुनीमजी चिडले, "डाळ तीच, मग पिशवीला कशाचा कर?" सर म्हणाले, "मला नका इचारू काका, मी फक्त बटन दाबतो."

हे अर्थात खोटं. मार्चअखेरीला फरक निघाला की रात्र रात्र बसतात. एकदा दोन हजार सातशेचा फरक काही केल्या सापडेना. लाल चोपडीवर हयात गेलेल्या मुनीमजींनी विचारलं, "नऊनं भाग जातोय का?" जात होता. "मग आकडे उलटे झालेत." सापडलं: हमालीचे सहा हजार तीनशे, पडले होते तीन हजार सहाशे. सर उठून मुनीमजींच्या पाया पडले. आता ही युक्ती ते नांदेडात स्वतःची म्हणून सांगतात, असं ऐकतो.

बोलायला एवढा मोकळा माणूस, पण कुणाच्या वहीतलं एक अक्षर बाहेर नाही. यार्डात कोण बुडालंय, कुणाच्या भिंतीचा रंग उधारीचा आहे, सगळं यांना पाठ. खोदून विचारलं तर म्हणतात, "पाऊस बरा झाला औंदा."

गंमत म्हणजे देणेकऱ्यांच्या यादीत त्यांचं स्वतःचं नावही असतं. प्रत्येक दुकानात. येणं दोन-दोन वर्षांचं थकलेलं. सर ती यादी वरून खाली बघतात, आपल्या नावावर क्षणभरही थांबत नाहीत आणि ताळेबंद जुळवून देतात. शेठनं कधी विचारलंच, "सर, तुमचं काही राहिलंय का?" तर, "असंल थोडंफार. दिवाळीला बघू."

गेल्या दिवाळीला शेठनं खरंच बघितलं. नोटा मोजल्या, मग हात आखडला, "वरचे साडेतीनशे सोडा की, राऊंड फिगर." सरांनी वाद घातला नाही. खुर्ची पुढं ओढली, एफ पाच दाबून स्वतःला मिळालेली रक्कम स्वतःच टाकली, मग एफ सात दाबून साडेतीनशे 'कसर-वटाव'ला. स्क्रीन शेठकडं वळवली आणि मनापासून खूश होऊन म्हणाले, "बघा शेठ, माझं खातं झिरो!"