माशांचा चातुर्मास

मिसिसागा येथील घराच्या परसात चिरंजीवांनी हौसेने जे लहानसे तळे बांधून घेतले आहे, त्याचा उन्हाळी उपभोग सर्व कुटुंबाचा असला, तरी हिवाळी बंदोबस्ताचे खाते मात्र, 'बाबांनी सारा जन्म तहसील कचेरीत काढला आहे' एवढ्या एका सबबीवर, बिनबोभाट माझ्याकडे वर्ग झाले आहे.

ऑक्टोबर लागला, की १९६५ पासून या देशाच्या ध्वजावर विराजमान झालेले मेपलचे पान, वर ताणलेल्या जाळ्याला न जुमानता, आमच्या पाण्यात दाखल होऊ लागते. राष्ट्रचिन्ह झाले तरी ते तळाशी कुजते, आणि त्यातून निघणारे वायू बर्फाखाली कोंडले म्हणजे मासे दगावतात. सबब त्याची उचलबांगडी करणे भाग पडते. मागोमाग पंपाची तळघरात रवानगी होते आणि पाने छाटलेल्या कमळांच्या कुंड्या सर्वांत खोल जागी उतरविल्या जातात. पहिल्या हिमकणांनी काळवंडलेली जलपर्णी गोणीत भरताना मात्र जीव कळवळतो. कारण जिच्या उच्चाटनासाठी पुण्याच्या नद्यांवर सरकारी तिजोरी रिती होते, ती ही बया सूनबाईंनी रोपवाटिकेतून रोख डॉलर मोजून आणलेली असते.

परंतु खरा तंटा अन्नाचा. पाण्याचे तापमान १० अंशांखाली गेले, की माशांची पचनशक्ती जवळजवळ थांबते आणि त्यांना खाऊ घालणे म्हणजे अपाय करणे ठरते. हे शास्त्र मी सौभाग्यवतींना समजावून सांगतो. पण काठावर पावले वाजताच मासे जुन्या सवयीने वर येतात, गोल तोंडांची उघडझाप करतात, आणि मुठीत चुरमुरे घेऊन उभ्या असलेल्या त्या माउलीचा माझ्यावरचा विश्वास उडतो.

"अहो, ऐन दिवाळीत मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं?"

अखेर मला धर्मशास्त्राचा आधार घ्यावा लागला. प्रबोधिनी एकादशीस भगवान विष्णू चार महिन्यांच्या निद्रेतून जागे होतात. त्याच सुमारास त्यांच्या प्रथमावताराची ही पिलावळ निजू लागते. क्षीरसागरातील पाळी संपताच मिसिसागातील सुरू होते! हा युक्तिवाद मंजूर झाला आणि चुरमुरे डब्यात परतले.

निजण्याची सोय निसर्गानेच केलेली असते. पाणी ४ अंशांस सर्वांत जड होऊन तळ गाठते, त्यामुळे वर बर्फ साचला तरी खाली माशांना पुरेशी ऊब राहते. फक्त बर्फाला एक गवाक्ष हवे, आणि तेही हातोड्याने फोडावयाचे नाही, कारण त्या दणक्याने मासे हादरतात. कढत पाण्याचे पातेले वर ठेवून हळूहळू वितळवावयाचे.

इतपत सारे सुरळीत असता, चिरंजीवांनी जेवताना एक संशोधन वाचून दाखविले: प्राणवायू संपला, तर सोनमासे शरीरातील आम्लाचे मद्य बनवून तगून राहतात. ताटावर शांतता पसरली, आणि फर्मान सुटले:

"भोक बुजू देऊ नका. उपाशी राहिले तर एक वेळ चालेल. पण आपल्या दारात पिऊन पडलेले मला खपायचे नाहीत."

तेव्हापासून १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची हद्द ऑन्टारिओपर्यंत वाढली असून, उणे दहा अंशांत स्वेटरवर कोट चढवून, पातेले सांभाळीत त्याची अंमलबजावणी करण्याचे काम एका निवृत्त अव्वल कारकुनाकडे आहे.