दात कोरून राग

एकदा रागाच्या भरात मी लाकूड कोरायला बसलो. भांडण घरातलंच होतं. कारण आता आठवत नाही, पण तेव्हा ते लाकडात कोरून ठेवण्याइतकं मोठं वाटलं होतं. नुकतंच वुडकटचं, म्हणजे लाकडी ठशाने चित्र छापण्याचं, दोन दिवसांचं शिबिर केलं होतं आणि सर म्हणाले होते, "या माध्यमात भावना थेट उतरते." किती वेळात उतरते, ते काही बोलले नव्हते.

पहिला अर्धा तास पटाशीला धार लावण्यातच गेला. मग फळीवर तोंड वासून ओरडणारा माणूस रेखाटला. या कामाची गंमत अशी, की जे खणून काढाल ते कागदावर पांढरं उमटतं आणि ज्याला हात लावला नाही त्याला शाई लागून ते काळं. करड्याची सोयच नाही. म्हणजे माणसाला दात हवे असतील तर एकेक दात कोरून काढायचा. चौथ्या दाताशी माझा राग निवळला. सातव्याला वाटू लागलं, चूक बहुधा माझीच होती. वरची ओळ संपत आली तेव्हा पटाशी लाकडाच्या शिरांना आडवी गेली आणि ओठाच्या कोपऱ्याची कपची उडाली. लाकडात खोडरबर चालत नाही. रोलरने शाई लावली, कागद ठेवला, आमटीच्या चमच्याच्या पाठीने घासला आणि उचलून पाहिला, तर गृहस्थ चक्क हसत होता. खाली मी हौसेने कोरलेलं नाव उलटं.

"छान हसतोय. कोण हा?" बायकोने विचारलं. मग म्हणाली, "आणि चमचा कुठला घेतलास?"

त्या रात्री मी जर्मन चित्रकार केथे कोल्विट्झबाईंची चित्रं पुन्हा काढून बसलो. त्यांचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला, अवघ्या अठराव्या वर्षी. त्याला सैन्यात जाऊ द्यायला वडील तयार नव्हते; आईनेच त्याची बाजू घेतली होती. या आईने ते युद्ध धातूच्या पत्र्यावर करून पाहिलं, शिळाछापात करून पाहिलं, मनासारखं उतरेना. १९२० मध्ये अर्न्स्ट बारलाख या शिल्पकाराचे वुडकट पाहिले आणि त्यांनी लाकूड हातात घेतलं. 'युद्ध' या मालिकेतले सात छापे १९२१-२२ चे आहेत. म्हणजे माझा राग सात दातही पुरला नाही आणि त्यांचं दुःख सात वर्षांनंतरही लाकडाला पुरून उरलं होतं.

त्यातल्या 'आईवडील' या छाप्यात दोघं गुडघे टेकून एकमेकांत कोसळली आहेत. दोन देहांचा मिळून एकच काळा ढीग. त्यावर पांढऱ्या रेघा अगदी मोजक्या, हात कुठे आणि पाठ कुठे हे कळण्यापुरत्या. वडिलांनी हाताने तोंड झाकलंय, आईचं त्यांच्या कुशीत बुडालंय. दात तर सोडाच, चेहराही नाही. हे चित्र बाईंनी पुन्हा पुन्हा नव्याने केलं होतं.

नवी फळी आणून मला दोन महिने झाले. अजून कोरीच आहे.