उजेडाचा बंदोबस्त

छायाचित्रातले आकाश पांढरेफटक पडले, तर त्यात आकाशाचा काडीइतकाही दोष नसून तो सर्वस्वी छायाचित्रकाराच्या वकुबाचा प्रश्न असतो, हे विधान मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर इतक्या गंभीर मुद्रेने करीत आलो आहे, की आमचे जर्मनीतल्या झारब्रुकेनमधले मराठी मित्रमंडळ हल्ली चहा संपताच कोणाला तरी आणावयास स्टेशनवर जायचे असल्याचे निमित्त काढून उठते. त्यांना वाटते, मला एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज छायाचित्रणाचे वेड लागले आहे. वेड नव्हे; उजेडाचा बंदोबस्त करण्याची सनद मला मिळाली आहे, एवढेच.

ही विद्या ऐकावयास सोपी आहे. अंधाऱ्या कारखान्यात उभे राहून उन्हाने भरलेल्या खिडकीकडे पाहिले असता डोळ्याला यंत्रेही दिसतात आणि बाहेरचे ढगही दिसतात, कारण डोळा एकेक भाग सवडीने न्याहाळीत स्वतःला जुळवून घेत असतो. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकाच पक्षाची वकिली करता येते. खिडकी सांभाळावी तर यंत्रे काळीठिक्कर, यंत्रे सांभाळावीत तर खिडकी करपलेली. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर आवळावा, अ‍ॅपर्चर व आयएसओ कायम ठेवून केवळ शटरचा वेळ बदलीत त्याच दृश्याच्या एक काळोखी, एक बेताची, एक उजळ अशा प्रती घ्याव्यात आणि त्या संगणकावर एकजीव कराव्यात. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच गृहस्थाने 1850 च्या दशकात समुद्राची एक व आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून हाच उद्योग केला होता. संगणकयुगातले त्याचे गणित 1997 मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी मांडले. यांतले मलिक हे मथुरेत जन्मलेले, हे समजल्यापासून ही विद्या मूळची आपल्याच घरची असल्याचे मी जर्मन सहकाऱ्यांना अधूनमधून सुचवीत असतो.

प्रती एकजीव झाल्या म्हणजे त्यांत इतका उजेड साठतो, की तो पडद्यावर मावत नाही. मग तो दाबून बसवावा लागतो. या दाबण्याच्या रीती ज्याने त्या शोधल्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात, आणि ख्यालगायकीत जशी घराणी तशीच ही. राइनहार्ट सरळ, सोज्वळ. द्रागो विलंबित, मर्यादशील. फत्ताल म्हणजे निव्वळ तानबाजी, ढग असे फुगतात की पाहणाऱ्याने छत्री शोधावी. अशा रीतींपैकी 2003 चा द्रागो आणि 2006 चा मांत्युक या दोहोंच्या जन्माशी आमच्याच गावच्या माक्स प्लांक संगणकशास्त्र संस्थेचा संबंध असल्याकारणाने, विद्यापीठाच्या बसमधून त्या इमारतीसमोरून जाताना मी कानाच्या पाळीला हात लावतो. शेजारच्या आसनावरचे विद्यार्थी सरकून बसतात. फत्तालचा माझा अंमल मात्र इतका सढळ, की प्रत्येक धुराड्याभोवती तेजोवलय उमटते. असे एक चित्र पाहून आमच्या सासूबाईंनी हात जोडले आणि हे देवस्थान कोणते, म्हणून चौकशी केली.

या साऱ्या व्यवहाराची एकच अट आहे, ती म्हणजे समोरचे काहीही हलता कामा नये. प्रती घेतल्या जात असता कोणी समोरून चालत गेले, तर एकजीव झालेल्या चित्रात त्याची तीन अर्धपारदर्शक शरीरे उमटतात, आणि धंद्यातले लोक त्यास सरळ भूतच म्हणतात. परिणामी चालताबोलता मनुष्य हा माझ्या दृष्टीने प्रथम व्यत्यय, नंतर उपद्रव आणि शेवटी वैरी होऊन बसला; आणि या माणूसघाणेपणास मी कायद्याचा आधारही शोधून काढला.

तो आधार सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 30 जुलै 1898 रोजी हाम्बुर्गजवळच्या फ्रीड्रिक्सरू येथे बिस्मार्कने देह ठेवला, आणि त्याच रात्री माक्स प्रीस्टर व विली विल्के हे दोघे हाम्बुर्गचे छायाचित्रकार, आतल्या माणसाची फितुरी साधून, खिडकीवाटे त्या खोलीत शिरले आणि मॅग्नेशियमचा भपका उडवून त्यांनी मृत चॅन्सेलरचे छायाचित्र घेतले. गवगवा झाला, फिर्याद झाली, निगेटिव्ह जप्त झाली, दोघांना तुरुंग दिसला. परंतु 1899 मध्ये प्रकरण लाइपझिगच्या साम्राज्य न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायाधीशांना आढळले की स्वतःच्या प्रतिमेवर मनुष्याचा हक्क सांगणारे कलम दप्तरात कोठेच नाही, आणि परक्याच्या घरात बेकायदा घुसून मिळवलेला लाभ पदरी ठेवता येत नाही, एवढ्याच मुद्द्यावर त्यांना निवाडा करावा लागला. पुढे 1907 मध्ये कायदा झाला आणि तो आजतागायत जारी आहे: ज्याचे चित्र, त्याच्या संमतीवाचून ते प्रसृत करू नये, तो वारल्यास दहा वर्षे त्याच्या आप्तांना विचारावे. एखाद्या स्थळाच्या चित्रात माणूस केवळ किरकोळ जोड म्हणून आला असेल तर तेवढी सवलत आहे. ही सवलत मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पण पाहुण्यांना कायदा सांगताना मी बरोबर तिच्या अलीकडे थांबतो. खरी हळहळ वाटते ती त्या दोघा छायाचित्रकारांची. भोवती गडद अंधार, मध्ये मॅग्नेशियमचा डोळे दिपवणारा प्रकाश, आणि समोरचा विषय हलण्याची सुतराम शक्यता नाही. एचडीआरला याहून अनुकूल प्रसंग युरोपच्या इतिहासात पुन्हा आला नसेल, आणि विद्या जन्मायला तर एक शतक उरले होते!

असो. अशा रीतीने माझ्या संग्रहात भट्ट्या, धुराडी, रिकामी देवळे आणि ओस जिने तेवढे जमले. त्यांना मी डुसेलडॉर्फच्या बर्न्ट आणि हिला बेखर या दांपत्याच्या परंपरेत बसवून टाकले, कारण त्यांच्याही पाणीटाक्यांच्या आणि भट्ट्यांच्या चित्रांत माणूस सापडत नाही. मात्र ती दोघे मुद्दाम ढगाळ, निस्तेज, सावली न पाडणाऱ्या आकाशाची वाट पाहत, आणि माझ्या चित्रांतले जांभळे आकाश त्यांच्या दृष्टीस पडते तर त्यांनी ही परंपरा तत्काळ बरखास्त केली असती, हा तपशील मी सहसा पुढे करीत नाही.

माझे कायमचे तीर्थक्षेत्र म्हणजे फोल्कलिंगेनचा लोखंडाचा कारखाना. 1873 मध्ये तो सुरू झाला, 1986 मध्ये त्याच्या भट्ट्या विझल्या आणि 1994 मध्ये तो जागतिक वारसा ठरला. सहा भट्ट्या, गंजाचे नाना रंग आणि हलण्याची बिलकूल भीती नाही. पण याच कारखान्यात दोन महायुद्धांत मिळून 12,000 हून अधिक माणसांना सक्तीने राबवले गेले. त्यांच्यासाठी क्रिस्तियाँ बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताने 2018 मध्ये तेथे एक स्मृतिस्थान उभारले. दप्तरी खोक्यांच्या भिंतींमध्ये गडद रंगाच्या जुन्या कपड्यांचा ढीग आहे, आणि कोणी तरी कुजबुजत्या स्वरात नावे उच्चारीत असते. त्या ढिगाचे चित्र मी घेतले. कपडे हलत नाहीत. त्यामुळे ते निर्दोष उतरले, काळ्या कोटाचे काळे बटण आणि त्याच्या भोकातला उसवलेला दोरा इथवर सगळे स्पष्ट. सावलीतून एवढे सगळे उपसून काढले आणि ज्याच्या अंगावर तो कोट असावा तो मात्र माझ्या कसबाने तसूभरही वर आला नाही. त्या निर्दोष चित्राचा मला जो राग आला, तो अजून पुरता उतरलेला नाही. ते मी कोणाला दाखवीत नाही, आणि पुसूनही टाकीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई इचलकरंजीहून आल्या आणि फोल्कलिंगेनला येण्याचा त्यांनी हट्टच धरला. भट्ट्यांना वारा पुरवणारी प्रचंड इंजिने जेथे उभी आहेत त्या दालनात, पुरुषभर उंचीहून मोठ्या चाकासमोर मी ट्रायपॉड रोवला. पलीकडच्या खिडकीतून ऊन नेमके त्याच्या आऱ्यांवर येत होते. एवढ्यात एक वृद्ध जर्मन गृहस्थ कठड्याशी येऊन माहितीफलक वाचू लागले. जर्मन मनुष्य फलक वाचतो म्हणजे त्यातला खालचा, मुद्रकाचे नाव असलेला मजकूरही वाचतो. मी घसा खाकरला. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ऊन आऱ्यांवरून उतरून फरशीवर आले.

“जावईबापू, जरा इकडं बघा की!”

मी वळलो आणि सासूबाईंच्या फोनने कार्यभाग उरकला. 2010 पासून फोनमध्ये ही विद्या शिरलेली आहे आणि आता तर तो कोणाची परवानगी न घेता, हात थरथरत असतानाच, अनेक प्रती घेऊन त्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एकजीव करतो. चित्रात खिडकीबाहेरचे ढग होते, चाकाचा प्रत्येक बोल्ट होता, आजोबा आपल्या चष्म्यासकट होते, एकदाच होते, आणि मधोमध मी होतो. टक्कल न करपता, कपाळावरच्या आठ्या एकही न गमावता. 1907 च्या कायद्याची आठवण देईपर्यंत ते इचलकरंजीच्या सगळ्या आप्तस्वकीयांना रवाना झाले होते.

अर्ध्या तासात उत्तर आले: कारखाना फार स्वच्छ ठेवलाय, ते चष्मेवाले आजोबा कोण, आणि जावयांना तिकडे वेळेवर जेवायला मिळते ना?