शहाणा मतदार आणि अडाणी यादी

लोकसभेची निवडणूक जाहीर होण्याच्या सुमारास देशातील मतदार एकाएकी अडाणी होतो आणि निकाल लागताच तोच मतदार सुज्ञ, जागरूक व प्रगल्भ ठरतो, हे भारतीय लोकशाहीचे एक वैशिष्ट्य असून, या दोन अवस्थांच्या मधल्या काळात त्याच्यावर जे संस्कार केले जातात त्यांना शासकीय परिभाषेत मतदार जनजागृती असे म्हणतात. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये या संस्कारांना रीतसर कार्यक्रमाचे रूप दिले. मतदारांचे पद्धतशीर शिक्षण आणि निवडणुकीतील सहभाग असा त्याचा अर्थ असून ‘स्वीप’ या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० ची असल्यामुळे २०११ पासून ही तारीख राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळली जाते, आणि त्या दिवशी कार्यालयाकार्यालयांतून धर्म, जात, भाषा वा प्रलोभन यांना बळी न पडता मतदान करण्याची शपथ घेतली जाते. हीच शपथ पक्षांच्या उमेदवारी समित्यांनाही देता आली असती. परंतु मग तिकीटवाटपाचे गणित मांडायचे कशावर, असा बिकट प्रश्न उभा राहिला असता.

अशा कार्यक्रमाची रणनीती आखताना प्रथम मतदाराचे ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन यांचे सर्वेक्षण करावे, म्हणजे त्याला काय माहीत आहे, काय वाटते आणि तो प्रत्यक्षात काय करतो हे तपासावे, मग कमी मतदानाची केंद्रे हेरून तेथील कारणे शोधावीत आणि त्यानुसार उपाय योजावेत, असे शास्त्र सांगते. शास्त्र निर्दोष आहे. जिल्ह्यातून तालुक्यात आणि तालुक्यातून शाळेत उतरता उतरता मात्र त्याची रांगोळी होते, आणि तीही अक्षरशः. कारण वरून येणाऱ्या पत्रात कार्यक्रम घेऊन छायाचित्रांसह अहवाल सादर करण्याचे फर्मान असते, आणि सर्वेक्षणाचे छायाचित्र काही केल्या चांगले येत नाही. रांगोळीचे येते. प्रभातफेरीचे येते, पथनाट्याचे येते, आणि मैदानावर राज्याच्या नकाशाच्या आकारात उभ्या केलेल्या विद्यार्थ्यांचे, ड्रोन मिळाला तर, फारच देखणे येते. सिंधुदुर्गाच्या टोकाशी उभ्या केलेल्या सातवीतल्या मुलाला ऊन लागते, एवढाच काय तो त्यातला दोष.

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानुसार मतदानाचे वय १८ आहे, पूर्वी ते २१ होते, आणि सातवीतला मुलगा दोन्ही हिशेबांनी अपात्रच ठरतो, ही बाब शास्त्राच्या नजरेतून सुटलेली नाही. त्यावर संकल्पपत्राचा तोडगा निघाला आहे. संकल्पपत्र म्हणजे आपण मतदान करणार असल्याचे आईवडिलांनी लिहून द्यायचे आणि पाल्याने शाळेत जमा करायचे असे वचन. ते गृहपाठाच्या वहीसोबत येते, भाजी चिरता चिरता त्यावर सही होते आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठ्याची संख्या अहवालात चढते. ज्यांना मत नाही त्यांच्यामार्फत ज्यांना मत आहे त्यांना जागे करण्याची ही योजना राबवणारे शिक्षक मतदानाच्या दिवशी स्वतः भलत्याच गावी निवडणूक कामावर असतात आणि आपल्या टपाली मतपत्रिकेची चौकशी करीत फिरतात, हा भाग अहवालात येत नाही.

जागृतीचा आणि मतदानाचा संबंध कोणता, याचा धडा २०२४ च्या लोकसभा निवडणुकीने घालून दिला आहे. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांना मतदार जागृतीसाठी राष्ट्रीय आयकॉन म्हणून नेमले होते. बोटावरची शाई दाखवल्यास बिलात सवलत देऊ, असे मुंबईतील उपाहारगृहांनी जाहीर केले होते. नटनट्यांनी रांगेत उभे राहून छायाचित्रे दिली होती. शनिवार-रविवारला लागून आलेल्या सोमवारी, २० मे रोजी, मतदान झाले तेव्हा तेंडुलकरांच्याच मुंबईतील दक्षिण मुंबई मतदारसंघात सुमारे ५० टक्के मतदान नोंदवले गेले आणि जे घराबाहेर पडले त्यांच्याकडून रांगा संथ सरकत असल्याच्या तक्रारी दिवसभर येत राहिल्या. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात, जेथे काही मतदान पथके हेलिकॉप्टरने पोहोचवावी लागली आणि नक्षलप्रभावित भागात दुपारी तीन वाजताच मतदान बंद झाले, तेथे सुमारे ७२ टक्के लोकांनी मत दिले. यावरून दक्षिण मुंबईतील सेल्फी पॉइंट गडचिरोलीला नेऊन बसवण्याची कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यात येण्याआधीच तिला मनाई केलेली बरी. तेथील टक्का नाहक घसरायचा. सुटीला जोडून सुटी आली की शहर लोणावळ्याकडे धावते, हे मात्र आयोगाच्याही ध्यानात आले आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीसाठी जाणीवपूर्वक आठवड्याच्या मधला बुधवार निवडण्यात आला. इतक्या वर्षांच्या प्रबोधनात जो उपाय सुचला नव्हता, तो कॅलेंडरने सुचवला.

या क्षेत्रातील आद्य प्रयोगाचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते, त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते, आणि मत कसे द्यावे हे त्यांना आकाशवाणीवरून, चित्रपटगृहांतील माहितीपटांतून आणि रंगीत तालमींतून शिकवले गेले. परंतु पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढील खरी अडचण शिकवण्याची नव्हती, यादीची होती. उत्तरेकडील राज्यांत असंख्य स्त्रियांनी नोंदणी करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याऐवजी अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढेच सांगितले होते, आणि सेन यांनी अशा नोंदी चालवून घेण्यास नकार दिल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, पण त्यामागे एक साधी जाण होती, ती अशी की मतदाराचे शिक्षण यादीच्या पहिल्या ओळीपासून सुरू होते. त्या काळी बाई नाव सांगत नव्हती म्हणून यादीत नव्हती. आजची बाई नाव सांगते, आधार कार्ड दाखवते, छायाचित्र देते, शपथ घेते, संकल्पपत्रावर सही करते आणि केंद्रावर गेल्यावर तिला कळते की तिचे नाव तीन किलोमीटर दूरच्या केंद्रावर आहे, तिच्या पतीचे याच केंद्रावर आहे आणि वारलेल्या सासऱ्यांचे मात्र दोन्हीकडे आहे.

२०१४ मध्ये पुणे व मुंबई येथे नावे गहाळ झाल्याचा इतका गदारोळ झाला की तत्कालीन निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. अशा प्रसंगी मतदाराने आधीच यादी का तपासली नाही, असा प्रतिप्रश्न केला जातो, आणि तो कायद्याला धरूनच आहे; फक्त तो मतदान संपल्यावर केला जातो, म्हणजे वरातीमागून घोडे. नाव नव्याने नोंदवण्यासाठी सहा क्रमांकाचा अर्ज, एखाद्या नावाला हरकत घेण्यासाठी वा ते वगळण्यासाठी सात क्रमांकाचा, आणि पत्ता बदलणे, चूक दुरुस्त करणे, हरवलेले ओळखपत्र पुन्हा मिळवणे यांसाठी आठ क्रमांकाचा, एवढे तीन अर्ज ठाऊक असले की मतदाराचे निम्मे शिक्षण पुरे होते. परंतु या विषयावर आजवर एकाही शाळेने समूहनृत्य बसवलेले नाही.

हे शिक्षण जिच्याकडून मिळावे अशी अपेक्षा असते त्या व्यक्तीला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, असे म्हणतात. अधिकारी हा शब्द वाचून गाडी, शिपाई व पाटी डोळ्यांसमोर आणू नये. ती बहुधा अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक शिक्षिका असते, एका केंद्राची हजारभर नावे तिच्या पिशवीत असतात, आणि या कामासाठीचे तिचे वर्षाचे ६,००० रुपये मानधन २०२५ मध्ये दुप्पट करण्यात आले. गृहसंकुलाच्या फाटकावर तिला वॉचमन अडवतो, इंटरकॉमवरून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई ‘आम्हाला काही नको’ असे सांगतात, आणि सेक्रेटरी तिचे पत्रक फळ्यावर, पाणीकपातीच्या सूचनेखाली, टाचून ठेवण्याची उदारता दाखवतात. मतदानाच्या दिवशी नाव सापडले नाही की हीच मंडळी लोकशाहीच्या ऱ्हासावर समाजमाध्यमांत दीर्घ निबंध लिहितात.

ज्यांना जागे करण्याची मुळीच गरज नाही, पण ज्यांचे मत पोहोचत नाही, असा एक मोठा वर्ग या शास्त्राच्या कक्षेबाहेर राहतो. २०१९ मध्ये सुमारे ३० कोटी मतदारांनी मत दिले नाही, आणि गाव सोडून पोटापाण्यासाठी अन्यत्र गेलेले लोक हे त्यामागचे एक प्रमुख कारण असल्याचे खुद्द आयोगाने मान्य करून, राहत्या ठिकाणाहून मूळ मतदारसंघासाठी मत देता येईल अशा यंत्राचा प्रस्ताव मांडला. जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी पक्षांना बोलावण्यात आले, पक्षांनी आक्षेप घेतले आणि प्रस्ताव बासनात गेला. बीडचे ऊसतोड कामगार त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्येही कोयता घ्यायचा की मत द्यायचे, या जुन्याच पेचात राहिले, कारण गळीत हंगाम आणि विधानसभेचे मतदान एकाच पंधरवड्यात आले होते. फडात उभ्या असलेल्या जोडप्यापुढे मताचे मोल सांगणारे पथनाट्य करणे शक्य आहे. परतीचे भाडे आणि बुडालेली मजुरी देणे मात्र कोणत्याही रणनीतीत बसत नाही, कारण ते प्रलोभन ठरते.

खरे प्रलोभन चालवणाऱ्यांचे वर्ग मात्र वेळेवर भरतात. लक्ष्मीदर्शन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासक्रमात घरटी नोंद अचूक असते, स्थलांतरित मुलगा कोणत्या शहरात आहे हे ठाऊक असते आणि त्याला आणण्यासाठी गाडीही जाते. १८ मे २०२४ पर्यंत देशभरात रोकड, दारू, अमली पदार्थ, भेटवस्तू आदी मिळून सुमारे ८,९०० कोटी रुपयांचा ऐवज पकडला गेला होता, आणि हे केवळ पकडल्या गेलेल्यांचे मोजमाप आहे. यादी कशी अद्ययावत ठेवावी याचे प्रशिक्षण शासनाला बाहेरून घ्यायचे असेल, तर तज्ज्ञ फार दूर नाहीत. उमेदवाराने स्वतःवरील गुन्हे, मालमत्ता व शिक्षण जाहीर करणारे जे शपथपत्र कायद्याने भरावे लागते, ते वाचायला मतदाराला शिकवण्याचा विषय तर दोन्ही अभ्यासक्रमांत नाही. बटण दाबल्यावर चिठ्ठी सात सेकंद दिसते, हे गावोगावी फिरणारी गाडी सांगते. त्या सात सेकंदांनंतरच्या पाच वर्षांविषयी ती काही सांगत नाही.

तेव्हा पुढची प्रभातफेरी दारावरून जाईल तेव्हा वाचकांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण त्याआधी यादी उघडून आपले नाव पाहावे. मतदार ओळखपत्र खिशात असल्याने मत देता येत नाही. त्यासाठी यादीत नाव असावे लागते, आणि उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर आलेल्या अर्जाने ते त्या निवडणुकीच्या यादीत चढत नाही.