‘ड’ची सोय

मनगट कुरकुरायला लागलं की माणूस आधी मलम आणतो, मग मऊ पट्टी आणतो आणि शेवटी मध्यरात्री दुभंगलेले कीबोर्ड न्याहाळत बसतो. दुभंगलेले म्हणजे मोडलेले नव्हेत. डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे आणि मधे चहाचा कप मावेल एवढी मोकळीक. एर्गोडॉक्स ईझेडला ७६ बटणं, मूनलँडरला ७२, आणि जपानी हातांनी आखलेल्या कॉर्नला अवघी ४२. उरलेली गेली कुठे? वर. जुन्या वाड्यात रोजची माणसं खाली वावरत आणि कुरडयांचे डबे, पाळणा, लग्नातली पितळी भांडी माडीवर जात, तसे आकडे, कंस आणि बाण इथे वरच्या थरात राहतात. अंगठ्याने एक बटण दाबून धरलं की अख्खा मजला बोटांखाली उतरतो. क्यूएमके नावाच्या फर्मवेअरमध्ये असे ३२ मजले चढवता येतात. एवढं सामान माझ्याकडे नाही, पण रिकाम्या माडीचा मोह कुणाला सुटलाय! पहिला जिना तसा जुनाच. १८७४च्या शोल्स-ग्लिडन टंकयंत्रावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरं उमटत. १८७८च्या रेमिंग्टन क्रमांक दोनने शिफ्ट आणली आणि धाकटी अक्षरं वस्तीला आली.

मन जडलं ते कॉर्नवर. ओंजळीत मावेल असा, एकाही बोटाला शेजारच्या ओळीपलीकडे न पाठवणारा. पण मी मराठी लिहिते इनस्क्रिप्ट मांडणीने, आणि तिथे प्रत्येक अक्षराला ठरलेला पत्ता आहे: मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘ड’ राहतो ‘पी’च्या शेजारी, चौकोनी कंसाच्या बटणावर. कॉर्नवर ‘पी’पलीकडे एकच रकाना, आणि तिथे सहसा बॅकस्पेस ठाण मांडून असतो. म्हणजे ड बेघर, त्याच्या डोक्यावरचा ढही बेघर. त्याच गल्लीतला ‘कॉफी’मधला ऑ-कारही रस्त्यावर आला. वडा, पेढा, गडबड, सगळ्यांसाठी जिना चढणं आलं. ‘डॉक्टर’ लिहायचं तर पहिल्याच अक्षरात दोनदा. मनगटासाठी ज्यांच्याकडे जायचं, त्यांचंच नाव मनगटाला जड व्हावं!

क्यूएमकेमध्ये ऑटो शिफ्ट नावाची एक हळवी सोय आहे. बटणाला नुसतं टेकून बोट उचललं तर खालचं अक्षर, किंचित रेंगाळलं तर वरचं. मुळात ठरवून दिलेली सीमा १७५ मिलिसेकंदांची. इंग्रजीत त्याने लहान अक्षराचं मोठं होतं, एवढंच. इनस्क्रिप्टमध्ये मात्र क, ग, त, द, प, ब खाली आणि त्यांचे महाप्राण नेमके त्यांच्या वर. म्हणजे ‘प’वर बोट क्षणभर थांबलं की ‘फ’. वैयाकरणांनी जो जास्तीचा श्वास सांगितला, तो इथे बोटाने घ्यायचा. ‘ल’च्या वर ‘ळ’ आहे. विचार करत लिहिणाऱ्याचं बोट हमखास रेंगाळतं. कुंपणावरचा वेल लिहिता लिहिता वेळ होऊन बसतो, आणि खोडताना वाटतं, राहू द्यावा.

बेघर ‘ड’वरचा तोडगा सापडला अंगठ्यापाशी. साध्या कीबोर्डवर हाताची ही सगळ्यात धट्टीकट्टी बोटं दोघांत मिळून एक स्पेसबार राखत बसतात; कॉर्नवर प्रत्येकाला तीन-तीन बटणं. मराठीचा स्वतंत्र थर करायचा. अक्षराचा पाय मोडणारा हलन्त ‘डी’च्या बटणावरून उचलून डाव्या अंगठ्याखाली ठेवायचा, कारण जोडाक्षरांच्या भाषेत त्याला उसंत कशी ती नाही. रिकाम्या ‘डी’वर ‘ड’ला बसवायचं, की ढ आपोआप वर येतो. हलन्ताच्या वरच्या मजल्यावर ‘अ’ राहत होता. तोही बिऱ्हाडासकट अंगठ्याकडे आला. आमची आजी बँकेत कायम अंगठा उठवायची आणि शाई पुसताना स्वतःलाच अंगठाबहाद्दर म्हणून हसायची. तिच्या नातीचा अंगठा आता ‘अ’ काढणार, तोही जरा रेंगाळून. हे तिला सांगितलं असतं, तर तिने आधी किंमत विचारली असती.

कॉर्न मागवला आहे. ऑ-काराची व्यवस्था उजव्या अंगठ्याकडे लावली. ‘ञ’चाही अर्ज आलेला आहे, पण तो क्वचित येणारा पाहुणा, त्याला माडी चालेल.