गाडी वीस लाखांची, जागा कुणाची?

पुण्याच्या कसब्यात एसयूव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला तांबट आळीपासून फडके हौदापर्यंत सगळे एकच विचारतात : ‘ॲव्हरेज किती देते?’ आकडा ऐकला की माना डोलतात. गाडीचा सगळा जमाखर्च तिथेच मिटतो.

आमच्या इमारतीतले अण्णा येत्या दसऱ्याला स्कॉर्पिओ-एन घेणार आहेत. चाकणला बनणारी, म्हणजे जवळजवळ घरचीच. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा कर सेससकट ५० टक्के होता तो ४० वर आला. तेव्हापासून अण्णा ‘दहा टक्के कमावले’ असं सांगत हिंडतात. कमावण्यासाठी आधी वीस लाख घालवायचे असतात, एवढा तपशील वहिनींपासून लपवून ठेवलाय.

‘अण्णा, शोरूमची किंमत २० लाख धरा. डिझेल गाडीला राज्याचा एकरकमी कर १४ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. १६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षं फेडलंत, तर नुसतं व्याज साडेपाच लाखांच्या वर.’

‘ते असू दे हो, पण ॲव्हरेज बघा ना!’

बघितलं. वर्षाला ८,००० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर लिटरला १२ की १४ या वादाची किंमत वर्षाला साडेआठ हजार. आणि घसारा? विम्याच्या कोष्टकात गाडी पाच वर्षांची होता होता तिची किंमत निम्मी धरतात. दहा लाख गेले. महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर, गाडी दारात नुसती उभी असली तरी. कसब्यात ती बहुतेक उभीच असते, फक्त दारात नसते.

कारण ती आरसे सोडून १,९१७ मिलीमीटर रुंद आहे आणि आमची गल्ली पेशव्यांच्या घोड्यांच्या मापाची. वाडा पाडून उभ्या राहिलेल्या आमच्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे खरं, पण त्यात हिचं टप अडकतं. उरलं सम-विषम तारखांचं पार्किंग. अण्णा आता पंचांग मुहूर्तासाठी कमी आणि उद्या कुठली बाजू, यासाठीच जास्त उघडणार. मानाच्या पहिल्या गणपतीपुढे नवी गाडी न्यायची तर ती लांब कुठेतरी लावून हार घेऊन चालत जायचं आणि बाप्पाला किल्ली दाखवायची.

‘मग तीन वर्षांची घ्या,’ मी म्हटलं. ‘घसाऱ्याचा पहिला तडाखा दुसऱ्याने खाल्लेला, एकरकमी करही त्यानेच भरलेला.’

‘वापरलेली? लोक काय म्हणतील!’ आजोबांचा तांब्याचा बंब दिवाणखान्यात दिव्याखाली मांडणारा हा माणूस!

वापरलेली म्हणजे फुकटातली, असंही नाही. कर्जाचा दर चढा असतो, वॉरंटी सरत आलेली असते, नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर निघून जातो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ते वाका आणि वाचा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. मीटर म्हणतंय वीस हजार आणि चारही टायर परवाचे, तर दोघांपैकी एकजण थापा मारतोय, आणि टायरला ते जमत नाही. मग पायाखालचं कार्पेट उचलून बोट फिरवा. सुकलेला गाळ हाताला लागला, तर गाडी पुरात न्हाऊन आलीय. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत काय झालं, ते पुणेकरांना सांगायला नको. विकणारा अर्थात ‘फक्त मंदिरात जायला वापरली’ असंच सांगतो. एवढं पुण्य साठलेल्या गाड्या पुण्यात इतक्या आहेत की मंदिरांना पार्किंग पुरत नाही, यात नवल नाही.

अण्णा स्वतः रोज कचेरीला मेट्रोनेच जातात. कसबा पेठ स्थानक सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, घरापासून पाच मिनिटांवर. गाडी हवी आहे ती कोकणात जायला, तेही आंब्याच्या दिवसांत आणि गौरीला.

तेव्हा आमचा निकाल : एवढंच फिरणाऱ्याने नवी घेऊच नये. एकाच मालकाची, सर्व्हिसची सगळी नोंद असलेली, तीन वर्षांची बघावी. आणि बयाणा देण्याआधी गाडी लावायची जागा टेपने मोजून घ्यावी. अण्णा, टेप आमच्याकडे आहे, फक्त परत आणून द्या.