सहकुटुंब डेरेदाखल

सुशिक्षित गृहस्थाला वर्षातून एकदा निसर्गाचा उमाळा येतो. सहामाही परीक्षा उरकल्या, फराळाचे डबे निम्म्यावर आले आणि घरातील पाचही माणसांना एकमेकांची तोंडे पाहण्याचा मनःपूर्वक वीट आला, म्हणजे या उमाळ्याला ‘कॅम्पिंग’ असे भारदस्त नाव देऊन तीच पाच माणसे एका कापडी खोलीत एकत्र कोंडून घेण्याचा बेत रचला जातो, आणि त्या कोंडून घेण्यालाच मोकळ्या हवेत जाणे असे म्हणतात.

आम्हां पनवेलकरांना या उद्योगात पूर्वपरंपरेचाही आधार आहे. आगगाडीने घाट चढण्यापूर्वीच्या काळात मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी गलबताने पनवेलच्या बंदरात उतरे, हातपाय धुऊन मुक्काम टाकी आणि मग बोरघाटाची वाट धरी. तेव्हा परक्याने येऊन येथे रात्र काढावी, हा या गावाचा पिढीजात व्यवसाय होता. पुढे द्रुतगती महामार्ग आला, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, डोक्यावरून विमाने जाऊ लागली, आणि इतक्या ऐश्वर्याने गाव चहूबाजूंनी वेढले गेल्यावर येथील रहिवाशालाच रात्र काढण्यासाठी गावाबाहेर जाण्याची निकड भासू लागली. आमच्या खांदा कॉलनीतील गॅलरीतून पूर्वी प्रबळगडाचा माथा स्पष्ट दिसत असे. हल्ली तेथे एक उत्तुंग इमारत उभी आहे, आणि बिल्डर सहृदय असल्यामुळे त्याने तिला झाकलेल्या डोंगराचेच नाव दिले आहे. तो डोंगर पुन्हा दृष्टीस पडावा म्हणून आता आगाऊ रक्कम भरून त्याच्या पायथ्याशी जावे लागते.

जागा ठरविण्यासाठी घरात जी सभा भरली, तीत एकवाक्यता होण्याचे कारण नव्हते. चिरंजीवांना पवना धरणाचा काठ हवा होता, कारण त्यांच्या वर्गातील सर्व मुले तेथे जाऊन आली होती. कन्येला रेवदंड्याचा समुद्र हवा होता, कारण तिच्या वर्गातील कोणीच तेथे गेले नव्हते. आणि आमच्या मातोश्रींनी, गुडघ्यांकडे एकवार पाहून, जेथे कमोड असेल ते स्थळ आपल्याला निसर्गरम्य वाटेल असे आधीच जाहीर करून टाकले. मी कर्नाळ्याचे नाव सुचविले. परंतु १९६८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या त्या जंगलात रात्रीच्या वास्तव्याचा निर्वेध हक्क पक्ष्यांपुरताच आहे, माणसाला तो खात्याच्या परवानगीवाचून नाही. शिवाय तेथील फाटकावर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, त्यामुळे आमच्या सरंजामाची मोजदाद होईतो सूर्यास्त होईल अशी रास्त हरकत निघाली. कर्नाळ्याच्याच रस्त्यावर शिरढोण लागते. १८४५ साली तेथे जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंडाच्या धामधुमीत उघड्या डोंगरांत किती रात्री काढल्या असतील, असा दाखला मी मुलांपुढे ठेवला. पण त्यांच्यापाशी पॉवर बँक नव्हती, सबब हे उदाहरण प्रस्तुत प्रकरणी गैरलागू आहे, असा निवाडा चिरंजीवांनी दिला.

अखेर प्रबळगडाच्या पायथ्याची एक छावणी मुक्रर झाली. तिच्या जाहिरातपत्रकात असे वचन होते की, निसर्गाच्या कुशीत घरच्यासारख्या सर्व सोयी मिळतील: तंबूत पलंग, गादी आणि एसी, तंबूस लागूनच कमोडयुक्त स्नानगृह, संध्याकाळी चहा-भजी, रात्री शेकोटी, हिंडण्याफिरण्याचा कंटाळा आल्यास कॅरम, आणि कॅरमचा कंटाळा आल्यास पडद्यावर चित्रपट. घरच्यासारख्या सर्व सोयी घरी फुकट मिळत असता त्यांकरिता इतकी रक्कम का मोजावी, हा प्रश्न मला पडला होता. तथापि गृहस्थाने काही प्रश्न मनातच निकालात काढावयाचे असतात.

व्यवहारी माणूस या नात्याने मी जागेची समक्ष पाहणी केली. जमीनमालकांना गावात सारे ‘शेठ’ म्हणतात, कारण ज्याची जमीन विकली गेली तो पनवेल तालुक्यात आपोआप शेठ होतो. त्यांची बहुतेक शेती खालच्या बंगल्यांनी गिळली होती, आणि उरलेल्या खाचरात, भाताची रोपे लावावीत तशा सारख्या अंतराने, त्यांनी तंबू लावले होते. “भातापेक्षा परवडतं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या या विधानातील शेतीशास्त्र खोडून काढण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. रात्री रातकिड्यांचा आवाज ऐकू येतो का, असे मी विचारले. “येतो की,” शेठ म्हणाले, “जनरेटर बंद केला की येतो. पण मग एसी बंद होतो.” इतक्यात ठाकरवाडीकडचा एक पोरगा खालच्या विहिरीवरून पाण्याचा वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन बांध चढून आला, तो त्याने स्नानगृहामागच्या पिंपात रिता केला आणि रिकामा जार घेऊन पुन्हा खाली उतरला. त्याची दुसरी खेप आली तेव्हा मी त्याला विचारले, “रात्री तू कुठल्या तंबूत झोपतोस रे?” तो म्हणाला, “घरी. तंबूत उकडतं.”

घरी परतलो तो यादीचा मसुदा सिद्ध होता. तो अर्थातच आमच्या सौभाग्यवतींनी केला होता, कारण शिवछत्रपतींच्या राज्यात अठरा कारखाने असले आणि प्रत्येकाला स्वतंत्र अधिकारी असला, तरी आमच्या राज्यात मुदपाकखाना, आबदारखाना, जामदारखाना आणि फरासखाना ही सर्व खाती पहिल्या दिवसापासून एकाच व्यक्तीकडे आहेत, आणि त्या पदाला वेतनही नाही व रजाही नाही. यादीचा आरंभ निरुपद्रवी होता: सतरंजी, चादरी, बॅटरी, ओडोमॉस. पुढे मात्र तिच्यात संसाराची एकेक खोली उतरत गेली. ‘आईंची उशी (निळी, दुसरी चालत नाही)’, ‘साजूक तूप, लहान बरणी’, ‘मेतकूट’, ‘मऊ भातासाठी तांदूळ, कोणाचे पोट बिघडल्यास’, ‘पोळ्या, तेथले जेवण तिखट निघाल्यास’, ‘इंडक्शनची शेगडी, रात्रीच्या दुधासाठी’, ‘एक्सटेन्शन बोर्ड, इंडक्शनसाठी’, ‘वाफ घ्यायचे यंत्र’, ‘कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे’, आणि सर्वांत शेवटी ‘जुनी वर्तमानपत्रे (कशालाही)’. या अखेरच्या कलमातील ‘कशालाही’ ही व्याप्ती पाहून मी थक्क झालो. भारतीय राज्यघटनेतही इतके दूरदर्शी कलम नसेल.

आता इतिहासाकडे वळणे प्राप्त आहे, कारण सहकुटुंब तंबूत राहण्याचा अनुभव मराठ्यांइतका फार थोड्यांच्या पदरी असेल. सभासदाच्या बखरीवरून दिसते की, शिवाजीमहाराजांनी पावसाळ्याचे चार महिने लष्कराला छावणी आणि उरलेले आठ महिने मुलुखगिरी असा शिरस्ता घालून दिला होता, आणि लष्करात बायका नेण्यास सक्त मनाई केली होती. परिणामी ते लष्कर वाऱ्यासारखे जाई आणि वाऱ्यासारखे परत येई. पुढे ऐश्वर्य वाढले, तसे तंबूही वाढले. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत निघाले तेव्हा फौजेसमागमे पार्वतीबाईंसह अनेक सरदारांची कुटुंबे होती, तीर्थयात्रेच्या आशेने जोडली गेलेली भाविक मंडळी होती, बाजारबुणगे होते, आणि शामियान्यांचा व कनातींचा असा सरंजाम होता की, जड सामान आणि बायकामुले मागे सुरक्षित ठिकाणी ठेवून सडे व्हा, असा सल्ला सूरजमल जाटाला द्यावासा वाटला. तो मानला गेला नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याची कारणे इतिहासकार अद्याप वाटून घेत आहेत आणि त्यांत उपासमारीपासून तोफखान्यापर्यंत पुष्कळ काही येते; परंतु प्रत्येक मराठी गृहस्थ गाडीच्या डिकीपुढे उभा राहून आजही भाऊसाहेबांच्याच बाजूने कौल देतो, म्हणजे काहीही मागे ठेवत नाही.

इंग्रजी अमदानीत ही कला परिपूर्णतेस पोहोचली. थंडीच्या दिवसांत कलेक्टरसाहेबाची स्वारी जिल्ह्याच्या फिरतीवर निघे, तेव्हा तंबूंचे दोन संच बरोबर असत: एका संचात साहेब निद्रिस्त असता दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी रवाना होई, जेणेकरून सकाळी घोड्यावरून पायउतार होताच साहेबास मेज, मेजावरची चादर आणि चादरीवरची अंडी जागच्या जागी सापडावीत. ही अंडी कोणत्या खुराड्यातून आली, दूध कोणाच्या वासराच्या तोंडचे निघाले, आणि मेखा ठोकणाऱ्या बिगाऱ्याने रात्र कोठे काढली, हे प्रश्न मामलेदार आणि पाटील यांच्या दरम्यान परभारे सुटत असल्यामुळे साहेबाला तंबूत घरचे सुख लाभे, आणि हिंदुस्थानातील उघड्यावरचे जीवन फार सुखावह आहे असे तो विलायतेस लिहून कळवी.

गंमत अशी की, खुद्द विलायतेत हौसेखातर तंबूत राहण्याची चाल ज्याने रूढ केली, तो थॉमस हायरम होल्डिंग हा इसम धंद्याने शिंपी होता. त्याने १९०१ साली सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संस्था काढली आणि १९०८ साली या विषयावर एक हस्तपुस्तिकाही लिहिली. शिंप्याला कापडाचे वजन कळते. ओझे आपल्याच सायकलवर लादून आपल्याच पायांनी ओढावयाचे असल्याने त्याची सारी बुद्धी ते कमी करण्यात खर्ची पडली. भाऊसाहेब, कलेक्टर आणि मी यांच्यापुढे ही अडचण कधीच नव्हती. तंबूतील सुखसोय ही कोठून आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी वाहून आणलेली असते, आणि वाहणारा दुसरा असला म्हणजेच तिला सोय म्हणतात. कोणाच्या काळी बुणगे होते, कोणाच्या काळी बिगारी. आमच्या काळी बांध चढून येणारा एक पोरगा आहे आणि मेतकुटापर्यंतची यादी करणारी एक बाई आहे, आणि या दोघांच्या जोरावर उरलेली मंडळी निसर्गाशी तादात्म्य पावणार असतात.

हे तत्त्वज्ञान मी सभेपुढे मांडत असता मातोश्री मध्येच म्हणाल्या, “आमच्या पेणला असलं काही नव्हतं हो. आम्ही पोपटी लावायचो.” ज्यांना रायगड जिल्ह्याची थंडी ठाऊक आहे त्यांना पोपटी समजावून सांगणे नको. वालाच्या शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला घालावयाचा. वर ओव्यामिठात घोळलेल्या शेंगा, बटाटे, कांदे, ज्यांना चालते त्यांनी अंडी आणि मसाला चोळलेली कोंबडी असे थर रचावयाचे. पाल्यानेच तोंड गच्च दडपून मडके शेतात उपडे घालावयाचे, आणि भोवती पेंढा व पालापाचोळा रचून पेटवून द्यावयाचा. पाण्याचा थेंब लागत नाही. मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्र वाजले की झाले, असे जाणते सांगतात. मग जाळ बाजूस सारून मडके रिते करावयाचे आणि केळीच्या पानावर बोटे भाजत खावयाचे. यांतले लक्षात घेण्याजोगे असे की, पाला आणण्यापासून जाळापर्यंतचे काम बाप्यांचे, पाने फेकून द्यावयाची असल्याने भांडी घासणे नाही, आणि खाऊन झाले की सर्वांनी चालत घरी जाऊन आपापल्या अंथरुणावर झोपावयाचे. शेतात रात्र काढणे हे पिकाची राखण करणाऱ्याचे काम, करमणुकीचे नव्हे, हा भेद त्या पिढीला कळत होता. पण शेंगा भरायला पौष उजाडणार, आणि जाहिरातपत्रकात तर ‘बारमाही पोपटी’ असल्याचे कन्येने निदर्शनास आणले. तेव्हा निसर्गापेक्षा छावणीचे वेळापत्रक अधिक तत्पर ठरून ही सूचना बारगळली.

इतका वेळ शांतपणे शेंगदाणे निवडीत बसलेल्या सौभाग्यवती आता बोलल्या. “अहो, एवढं सगळं तुम्हाला कळलंय, तर मग सोपं आहे. तुम्ही, मुलं आणि आई जाऊन या. मी नाही येत.” त्या दोन दिवसांत आपण काय करणार, याचाही तपशील त्यांनी दिला: दार लावून घेणार, सकाळी उशिरा उठणार, एका माणसाचा चहा करणार, दुपारी शेजारून पोळी-भाजीचा डबा मागवणार आणि कोणती वस्तू कोठे आहे हे कोणालाही सांगणार नाही, फोन बंद असेल. मातोश्रींनी क्षणभर विचार केला आणि त्याही छावणीतून फुटून घरच्या पक्षाला मिळाल्या, कारण कमोड येथेही होताच आणि निळी उशीही.

यादीचा कागद माझ्या हाती देण्यात आला. आता तो वाहणाऱ्यानेच वाचावयाचा असल्यामुळे त्यातील कलमे आश्चर्यकारक वेगाने गळू लागली. इंडक्शन गेली, तिच्यामागोमाग बोर्ड गेला, चिमट्यांसह दोरी गेली, आणि रात्रीच्या दुधावाचून आपले चालते असा शोध चिरंजीवांना लागला. शिंपी होल्डिंग ज्या निष्कर्षास पोहोचला होता, तेथे आम्ही चहा निवण्याच्या आत येऊन ठेपलो. एकट्या जुन्या वर्तमानपत्रांना हात लावण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही. अशा रीतीने, ज्यांना सुखसोय हवी त्यांनी घरी राहावे व ज्यांना तंबू हवा त्यांनी आपले ओझे आपण वाहावे, हा ठराव बहुमताने संमत झाला. विरोधी मत माझे एकट्याचेच असल्याने ते दफ्तरी दाखल करून घेण्यात आले आहे.